अप्पा दुकानदार होते

माझे सासरे, आम्हा सगळ्यांचे अप्पा, गेल्या मार्गशीर्षात गेले. वय ८१. आदल्या संध्याकाळी दुकानाचं शटर त्यांनीच ओढलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लिहायला बसले ते शोकसभेमुळे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंडळींनी आपुलकीनं सभा ठेवली, हॉल भरला, आणि एकामागून एक वक्त्यांनी अप्पांना स्वरसाधक, नादयोगी, संगीताचा मूक सेवक असं काय काय करून टाकलं. एका सद्गृहस्थांनी तर सांगितलं की अमुक एका मोठ्या गवयांची पेटी अप्पांनी सेवा म्हणून फुकट करून दिली. ती पावती मी स्वतःच्या हातानं फाडलेली आहे. भाता नवा, चामडं नवं, सूर मिळवणी, पूर्ण रक्कम रोख जमा. गवयांनीही एक पैसा कमी करा म्हटलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. अप्पांना कुणी सेवेचं सुचवलं की ते म्हणत, "सेवा देवळात. इथे मजुरी." आणि हसून पावतीपुस्तक माझ्याकडे सरकवत.

तर अप्पा दुकानदार होते. पेट्यांचे, म्हणजे हार्मोनियमचे. विकायचे, दुरुस्त करायचे, जुन्या घ्यायचे. यात कमीपणा वाटावा असं काही आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही, आणि आता ते नाहीत म्हणून त्यांना बढती द्यायची काही गरज नाही.

दुकान दौलतगंजातलं, महाराज बाड्यापासून, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकापासून, चालत जाण्याएवढं. आजेसासऱ्यांनी ते १९५२ साली काढलं, आणि वेळ बघा कशी साधली: रेडिओवर तेव्हा पेटीला बंदी होती. १९४० साली घातलेली ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे सूर ठोकळेबाज, दोन पट्ट्यांमधली जागा तिला दाखवता येत नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, असा आक्षेप होता. तो काही अगदीच खोटा नाही. नातेवाइकांनी आजेसासऱ्यांना विचारलं, रेडिओनं हाकललेली वस्तू विकून खाणार काय? त्यावरचं त्यांचं उत्तर अप्पा रंगवून सांगायचे: "रेडिओ किती घरांत आहे? आणि आरती किती घरांत होते?"

सगळा धंदा या हिशोबावर उभा राहिला. ग्वाल्हेर म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला घराणं आठवतं, तानसेन आठवतो. मलाही लग्नाआधी तेच वाटायचं, की गल्लोगल्ली ख्याल चाललेले असतील. दुकानात बसायला लागले तेव्हा कळलं की घराणेदार गायक आमच्या गिऱ्हाइकांत मिठाएवढे. बाकी सगळे म्हणजे गुरुद्वाऱ्यांत कीर्तन करणारे रागी, भिंड-मुरैनाकडच्या रामायण मंडळ्या, जनकगंजातली बायकांची भजनी मंडळं, शाळांचे प्रार्थनेचे मास्तर, हरिकथा करणारे बुवा. संगीत महाविद्यालयातली मुलंही यायची, पण ती बहुतेक वेळा हात लावून बघायला. अप्पा त्यांना हाकलत नसत. "आज बघतोय, नोकरी लागली की घेईल," म्हणत.

गावाकडचे लोक पेटीला 'बाजा' म्हणतात. बसच्या टपावर पोत्यात गुंडाळून बाजा यायचा, सोबत तीन-चार माणसं. एक दुरुस्ती करवून घ्यायला आणि बाकीचे फसवणूक होत नाही ना ते बघायला. अप्पा सगळ्यांना चहा सांगत आणि त्यांच्यासमोरच पेटी उघडत. आतून उंदराचं घरटं निघालं की ते बाहेर काढून काउंटरवर ठेवत, पुरावा म्हणून. मग एकच सल्ला: "रोज बजाओ, चूहा नहीं आएगा."

काम कसं चालायचं तेही सांगते, कारण सभेत 'जादुई हात' वगैरे म्हणताना काम कुणीच सांगितलं नाही. पेटीतला सूर म्हणजे पितळेच्या चौकटीवर बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्यातली हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते. जीभ टोकाकडे किंचित घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून कानस अशी चालवायची की डोळ्याला दिसूही नये. एका पट्टीखाली बहुधा दोन सूर असतात, कधी तीन: खालचा खर्ज, मधला नर, वरची मादी. दोन नर असलेल्या पेटीत पांढरी सहाचा, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, एक सूर सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरा ४४२ वर राहिला, तर आवाज सेकंदाला दोनदा हलतो. अप्पा त्याला 'डोल' म्हणत. ख्याल गाणाऱ्याला डोल अजिबात चालत नाही. रामायणवाल्यांना मात्र थोडा डोल हवाच असतो. उघड्या मैदानात, लाउडस्पीकरवर, त्यानं पेटी भरल्यासारखी वाटते. अप्पा ज्याला जसं हवं तसं करून देत. शुद्ध स्वरावर कुणाला प्रवचन दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. दोघांची मजुरी सारखी.

गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर की जर्मन, हा प्रश्न प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारायचं. जर्मन म्हणजे जुन्या परदेशी पेट्यांतून काढलेले, फार महाग. इथेच दुसरा एखादा दुकानदार हात धुऊन घेतो. अप्पा आई-वडिलांबरोबर आलेल्या पोराला आधी विचारत, "कशासाठी शिकतोस?" पोरानं आईकडे बघितलं की अप्पा कोपऱ्यातली तीन सप्तकांची, पालिताणा सुरांची साधी पेटी काढत. "ही न्या. पोरगं टिकलं तर दोन वर्षांनी या, हीच परत घेईन आणि मोठी देईन. नाही टिकलं तरी परत घेईन, पण मग भाव माझा." याला सभेत निःस्पृहता म्हटलं गेलं. अहो, ती साधी पेटी एकाच गल्लीत चार-चार घरं फिरून यायची आणि दर फेरीला दुकानाला काहीतरी देऊन जायची!

तंबोऱ्याचं काम मात्र ते घेत नसत. तारा चढवून देत, पण जवारीला, म्हणजे तारांचा आवाज ठरवणाऱ्या घोडीच्या घडणीला, हात लावत नसत. "हे माझं नाही," म्हणायचे आणि तंबोरा मिरजेला पाठवायचे, गोवा एक्सप्रेसच्या पार्सल डब्यातून. माझे वडील मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात होते. ग्वाल्हेरहून येणाऱ्या एका माणसाच्या पार्सलवर बांधणी एकदम चोख, नाव-पत्ता तीन ठिकाणी लिहिलेला, आणि वर लाल अक्षरांत 'भोपळा आहे, बसू नये' अशी सूचना, याचं वडिलांना भारी कौतुक. पुढे पत्रं झाली, फोन झाले, मुलगा बँकेत आहे असं कळलं, आणि २००१ साली मी त्याच गाडीनं ग्वाल्हेरला आले. आमच्याकडे अजून सगळे म्हणतात की माझं स्थळ पार्सलच्या पावतीवरून जमलं.

सासरी पहिल्याच आठवड्यात मोहरीच्या तेलाशी गाठ पडली. चंबळच्या बाजूला मोहरी अमाप, आणि गावच्या मंडळ्या उरलेली मजुरी सुगीनंतर तेलाच्या डब्यानं फेडायच्या. सासूबाईंच्या हाताला ते तेल सवयीचं झालेलं. मी सांगलीकडची, शेंगतेलावर वाढलेली. पोह्यांचा पहिला घास माझ्या नाकातच गेला. कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा शेंगतेलाचा डबा घेऊन आले, ओट्याखाली ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईचा डबा वेगळा. त्यावरून घरात चर्चा नको." महिन्याअखेर दुकानाच्या वह्या माझ्या हातात आल्या, तेव्हा खर्चाच्या पानावर मला नोंद दिसली: 'शेंगतेल, १ डबा, दुकान खर्च.' विचारलं तर म्हणाले, "मोहरीचं तेल दुकानात जमा झालं होतं ना? मग हे दुकानातूनच जाणार." त्यांचा हिशोब असा चालायचा आणि मला त्यात कधी चूक काढता आली नाही.

दुकान आणि घर वेगळं नव्हतंच. नणंदेची फार्मसीची फी, सासूबाईंचं मोतीबिंदू, मिस्त्रींच्या मुलीचं लग्न, सगळं एकाच लांब वहीत, एकाखाली एक. मिस्त्री म्हणजे आमच्याकडे लाकडाचं काम करणारे. ते अप्पांच्याही आधीपासून दुकानात. दोघांचं दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणं व्हायचं, त्यातली आठ लाकूड चिकटवायच्या सरसाबद्दल. ग्वाल्हेरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, लाकडाला चिरा पडतात, जोड सुटतात. मग पाऊस आला की तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. म्हणजे जून ते ऑगस्ट आमची सुगी. त्या दिवसांत दोघंही दुपारी जेवायला घरी येत नसत. डबा जायचा आणि डब्यात मिस्त्रींच्या दोन पोळ्या जास्त असायच्या. त्या जास्तीच्या पोळ्या घालायला मी विसरले नाही ना, हे अप्पा रोज फोन करून विचारायचे. रोज!

आता ज्यासाठी सभेतले वक्ते मला क्षमा करणार नाहीत ते सांगते. आमचं घर निव्वळ पेट्यांवर चाललं नाही. ते चाललं मेळ्यावर. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी जनावरांचा बाजार म्हणून सुरू केला, आता तिथे मोटारींपासून लोणच्यांपर्यंत सगळं मिळतं. हिवाळ्यात तिथे अप्पांचा गाळा लागायचा आणि त्यात एकही पेटी नसायची. प्लॅस्टिकच्या बासऱ्या, डफल्या, लहान मुलांचे ढोलक, शिट्ट्या, टिकटिक वाजणारी माकडं. मफलर कानावर बांधून, हातात तीळगुळाच्या गजकाचा पुडा धरून, अप्पा स्वतः बासरी फुंकून गिऱ्हाईक बोलवायचे. आणि ते भयंकर बेसूर वाजवायचे. सुराच्या डोलाचा केसभर फरक पकडणारा माणूस तिथे दिवसभर अशी बासरी फुंकायचा आणि खूश असायचा. नणंदेनं एकदा म्हटलं, "अप्पा, कुणी ओळखीचं ऐकलं तर काय म्हणेल?" तर म्हणाले, "म्हणेल की बासरी घ्या." तिची फी त्याच गाळ्यातून भरली जात होती.

गाता त्यांना येत नव्हतं. पेटी तयार झाली की तिच्यावर ते सारेगम वाजवत आणि एका आरतीच्या दोन ओळी. तिसरी ओळ कुणी ऐकलेली नाही. तानसेन समारोहाला मात्र दर डिसेंबरला जायचे, हजीऱ्याला, समाधीपाशी. सकाळी हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गायन, व्हायचं तेव्हा पुढे बसायचे. रात्रीच्या मैफिलीला मंडपात कधी बसलेले दिसले नाहीत, ते मंचाच्या मागे असायचे, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि कोटात चामड्याचे दोन तुकडे. थंडी नि दंव यांनी साथीदाराच्या पेटीची पट्टी अडकली की त्यांना बोलावणं यायचं. परतल्यावर कोण गायलं ते आम्ही विचारायचो आणि ते सांगायचे, कोणाची पेटी कुठल्या कारागिराची होती आणि भाता कुठे गळत होता. गायक बरे होते का? "हो, बरे असतील. टाळ्या पडत होत्या."

एवढं असून ग्वाल्हेरचा अभिमान त्यांना होता, आणि तो धंद्याच्या कामी यायचा. कुणी पेटीला दुय्यम म्हटलं की भय्या गणपतरावांचं नाव काढायचे. पेटीवर ठुमरी कशी बोलते ते सगळ्या हिंदुस्थानाला दाखवणारा माणूस आपल्याच दरबारातला, असं सांगता सांगता हात पेटीच्या झाकणावर जायचा. पुष्कळदा पेटी विकली जायची.

मोबाइलवरचं ट्यूनर ॲप मी त्यांना भीत भीत दाखवलं होतं. आयुष्यभर कानानं काम केलेल्या माणसाला यंत्र दाखवायचं म्हणजे अवघड वाटतं. त्यांनी पांढरी एक दाबली, काटा बघितला, काळी एक दाबली, पुन्हा काटा बघितला, आणि म्हणाले, "हे आधी कुठे होतं? माझे निम्मे दिवस वाचले असते." त्या दिवसापासून पहिली मिळवणी काट्यावर आणि शेवटची कानावर. दिवसाला जास्त पेट्या निघायला लागल्या. मजुरी त्यांनी वाढवली नाही, वेळ कमी लागतो म्हणून. यावर माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि मी हरले.

सत्तरीनंतर उजव्या कानाला वरच्या सप्तकातलं ऐकू येईना. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. मी वहीवरून ओळखली. आठवीतल्या माझ्या मुलीच्या नावानं खर्चाच्या बाजूला एक खातं उघडलेलं दिसलं. दर पेटीला दहा रुपये. तिला विचारलं तर म्हणाली, "मी फक्त सांगायचं, डोल आहे की नाही." अप्पा सुराच्या पाटीवर बोटं टेकवून बसायचे, ती शेजारी स्टुलावर. "आहे." कानस. "आहे, कमी झाला." कानस. "गेला." मग पुढची पट्टी. दहावीच्या वर्षी आम्ही ते बंद करा म्हटलं, तेव्हा त्यांनी तिचा सगळा हिशोब चुकता केला आणि सहीसुद्धा घेतली. नात म्हणून वर काही दिलं का? दिलं: बहादुरा मिठाईवाल्याकडचे लाडू. ते मात्र स्वतःच्या खिशातून, वहीत नोंद नाही.

त्यांच्यावर रागावण्यासारखंही पुष्कळ होतं. सुट्टी घेत नसत. माझ्या माहेरच्या लग्नाकार्यांना सासूबाई एकट्या यायच्या. उधारी वसूल करताना आवाज चढायचा, आणि दोन मिनिटांनी त्याच माणसाला जेवायला थांबवायचे. आम्ही इकडे पोळ्या वाढवायचो. नवऱ्यानं बँकेची परीक्षा दिली तेव्हा दुकान कोण बघणार म्हणून नातेवाइकांनी गहजब केला. अप्पांनी पेढे वाटले, आणि पुढे लग्नानंतर मला म्हणाले, "त्याचा कान कच्चा आहे. तुझा हिशोब पक्का आहे. मग?"

त्या 'मग'चं पुढे काय करायचं ते मी बघतेच आहे. मिस्त्रींची नजर आता काम करत नाही, पण त्यांचा मुलगा भात्याचं काम शिकला आहे. सूर मिळवणीला मुलगी सुट्टीत येते. ती भोपाळला इंजिनिअरिंग करते, पण तिचा दर आता दहा रुपये राहिलेला नाही. दुकान संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. नवं काम सध्या मोजकंच घेतो.

आणि एक विनंती. मागच्या फळीवर दुरुस्त होऊन पडलेल्या पेट्या बऱ्याच आहेत, काही तर दहा-बारा वर्षांपासून. अप्पा त्या विकू देत नव्हते, दर दिवाळीला झटकून, वाजवून परत ठेवायचे. तुमच्या घरातल्या कुणाची पेटी आमच्याकडे दिलेली असेल तर येऊन घेऊन जा. पावती हरवली असली तरी चालेल. काम कधी आलं, काय केलं, मजुरी किती, सगळं वहीत आहे. मजुरी त्या वेळचीच लागेल. सुटे पैसे आणलेत तर बरं.